उलटतपासणी पडद्यावर : रॉबिन डे आणि ब्रिटनमधील राजकीय मुलाखतीची घडण

सत्तेवर असलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून अडचणीचे प्रश्न विचारणे हे आज दूरचित्रवाणीवरील राजकीय पत्रकाराचे नित्याचे काम मानले जाते. मात्र ज्या ब्रिटनमधील मुलाखतींचे दाखले भारतात आजही दिले जातात, त्या ब्रिटनमध्येच १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असा प्रश्न विचारणे हा औचित्यभंग समजला जात होता. ही स्थिती पालटल्याचे श्रेय सहसा रॉबिन डे (१९२३–२०००) यांच्या आक्रमक स्वभावाला दिले जाते. डे यांचा वाटा मोठा होता यात शंका नाही. पण त्यांच्या कारकिर्दीचा क्रम नीट पाहिला, तर स्वभावाच्या जोडीने तीन गोष्टींनी हे घडवून आणलेले दिसते : प्रसारणातील एकाधिकार मोडणारी स्पर्धा, निःपक्षपातीपणाची कायद्याने घातलेली अट आणि वकिलीतून आलेली प्रश्न विचारण्याची तालीम. तरीही एक पेच उरत होता. मतदारांनी निवडून न दिलेल्या पत्रकाराला पंतप्रधानाकडे जाब मागण्याचा अधिकार पोहोचतो कुठून, या पेचाने डे यांचा अखेरपर्यंत पिच्छा पुरवला आणि त्यांच्या कामाला आकारही त्यानेच दिला.

बीबीसी, म्हणजे ब्रिटिश प्रसारण महामंडळ, ही संस्था सरकारी खाते नव्हती; ती घरोघरच्या परवाना शुल्कावर चाले आणि तिच्या कारभाराला राजसनदेचा आधार होता. तिची दूरचित्रवाणी सेवा नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद राहिली आणि १९४६ मध्ये पुन्हा चालू झाली. स्वायत्तता असूनही राजकारणाच्या बाबतीत ही संस्था कमालीची जपून वागत असे. युद्धकाळात तिने स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते, जे पुढे 'चौदा दिवसांचा नियम' म्हणून ओळखले गेले : संसदेत येत्या पंधरवड्यात ज्या विषयावर चर्चा व्हायची असेल, त्या विषयावर प्रसारणात चर्चा करायची नाही. देशातील वादविवादाचे पहिले स्थान संसद हेच असावे, हा त्यामागचा युक्तिवाद होता. परिणाम मात्र असा झाला की, जो विषय लोकांच्या तोंडी असे तोच नेमका पडद्यावर वर्ज्य ठरे. १९५५ मध्ये बीबीसीने या बंधनातून सुटका करून घेण्याची खटपट केली, तेव्हा प्रसारणाची जबाबदारी असलेल्या पोस्टमास्तर जनरल या मंत्र्याने तो नियम लेखी हुकुमाने लागू केला. निवडणुकीच्या काळात पक्षांना वाटून दिलेल्या वेळेपलीकडे प्रचाराच्या बातम्या देण्याचेही बीबीसी टाळत असे, आणि बातम्या वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरील हावभावांतून मतप्रदर्शन होईल या भीतीने सप्टेंबर १९५५ पर्यंत वृत्तनिवेदकाचा चेहराच प्रेक्षकांना दाखवला जात नव्हता. १९५१ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे अँथनी ईडन यांची लेस्ली मिचेल या नावाजलेल्या निवेदकाने घेतलेली मुलाखत ही पक्षाच्याच प्रचाराचा भाग होती. तिच्यातील प्रश्न आधी बेतलेले होते आणि प्रश्नकर्त्याची भूमिका यजमानाची नजर ओळखून पुढचे ताट वाढणाऱ्या वाढप्याहून फारशी वेगळी नव्हती.

या वातावरणाला धक्का बसला तो १९५४ च्या दूरचित्रवाणी कायद्याने. या कायद्यामुळे जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी दुसरी वाहिनी, आयटीव्ही, २२ सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झाली आणि तिला बातम्या पुरवण्यासाठी आयटीएन ही वेगळी वृत्तसंस्था स्थापन झाली. खासगी पैशावर चालणारी वाहिनी एखाद्या पक्षाची बटीक होऊ नये म्हणून कायद्याने बातम्यांमध्ये अचूकता आणि निःपक्षपातीपणा बंधनकारक केला होता. वरवर पाहता ही अट पत्रकाराला बांधून ठेवणारी वाटते. प्रत्यक्षात तिने त्याला मोकळे केले, कारण वर्तमानपत्राप्रमाणे स्वतःचे मत मांडण्याची वाट बंद असल्यामुळे धारदार पत्रकारितेला एकच वाट उरली, आणि ती म्हणजे प्रश्न. आयटीएनचे पहिले संपादक एडन क्रॉली हे मजूर पक्षाचे माजी खासदार होते. त्यांनी अमेरिकेतील रिवाज उचलून निवेदकाला केवळ वाचक न ठेवता बातमी जमवणारा, लिहिणारा आणि स्वतःच्या नावानिशी सांगणारा पत्रकार बनवले. अशा पहिल्या दोन निवेदकांपैकी एक होते प्रसिद्ध धावपटू क्रिस्टोफर चॅटवे आणि दुसरे होते वकिलीत जम न बसलेले रॉबिन डे. क्रॉली लवकरच बाहेर पडले आणि १९५६ मध्ये जेफ्री कॉक्स हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले, वृत्तपत्रात राजकीय वार्ताहर म्हणून मुरलेले संपादक आले. त्याच वर्षी इजिप्तमधील सुएझ कालव्यावरून उद्भवलेल्या पेचप्रसंगाने देश दुभंगला, चौदा दिवसांचा नियम हास्यास्पद ठरला आणि डिसेंबर १९५६ मध्ये तो स्थगित झाला. त्यानंतर तो कधीच परत आला नाही.

डे यांचे पूर्वायुष्य या कामासाठी मुद्दाम आखल्यासारखे दिसते, पण ते तसे नव्हते. महायुद्धात तोफखान्यात नोकरी केल्यानंतर त्यांनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा अभ्यास केला, १९५० मध्ये तेथील ऑक्सफर्ड युनियन या वादविवाद मंडळाचे अध्यक्षपद भूषवले आणि १९५२ मध्ये बॅरिस्टर झाले. वकिलीत त्यांचे मन रमले नाही. वॉशिंग्टनमधील ब्रिटिश माहिती खात्यात आणि बीबीसीच्या नभोवाणी विभागात अल्पकाळ काम करून ते १९५५ मध्ये आयटीएनमध्ये दाखल झाले. न्यायालयात आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारून हवी ती हकिकत त्याच्याकडून वदवून घेण्याला सरतपासणी म्हणतात, तर विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराच्या जबानीतील कच्चे दुवे प्रश्नांनीच उघडे पाडण्याला उलटतपासणी म्हणतात. डे यांच्यापूर्वीच्या मुलाखती या अर्थाने सरतपासण्या होत्या. नेत्याला जे सांगायचे असे, त्याला वाट करून देणारे प्रश्न त्यांत असत. डे यांनी पडद्यावर उलटतपासणी आणली. छोटा, नेमका आणि शक्यतो 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर मागणारा प्रश्न. उत्तर टाळले गेल्यास तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा. आणि पूर्वीच्या विधानाची आठवण करून देऊन विचारलेला पूरक प्रश्न, ही त्यांची हत्यारे होती. जाड काड्यांचा चष्मा, ठिपक्याठिपक्यांचा बो आणि सहज कुणाचेही ऐकून न घेणारा, किंचित धापा टाकल्यासारखा आवाज यांमुळे प्रश्नकर्ता स्वतःच पडद्यावरील एक पात्र बनला, ही मात्र न्यायालयात न घडणारी गोष्ट होती.

या पद्धतीची ताकद प्रथम दिसली ती १९५७ मध्ये कैरोत. सुएझच्या लष्करी कारवाईनंतर ब्रिटन आणि इजिप्त यांचे राजनैतिक संबंध तुटलेले असताना डे यांनी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष गमाल अब्देल नासेर यांची मुलाखत घेतली. ज्या माणसाला ब्रिटिश वर्तमानपत्रांनी हुकूमशहा म्हणून रंगवले होते तो ब्रिटिशांच्या दिवाणखान्यात येऊन शांतपणे इंग्रजीत बोलू लागला आणि दोन्ही देशांत पुन्हा मैत्री व्हावी अशी इच्छा व्यक्त करू लागला. वकिलाती बंद असताना एका देशाच्या प्रमुखाने दुसऱ्या देशाच्या जनतेशी थेट बोलण्याचा हा प्रकार तेव्हा नवीनच होता. डे यांनी त्यांना इस्राएलचे सार्वभौम राष्ट्र म्हणून कायमचे अस्तित्व मान्य आहे काय, असा थेट प्रश्न केला. आपण निष्कर्षावर उडी घेत आहात, असे नासेर म्हणताच, आपण निष्कर्ष काढत नसून प्रश्न विचारत आहोत, अशा आशयाचे उत्तर डे यांनी दिले. निःपक्षपातीपणाच्या कायदेशीर अटीने प्रश्नाला बळ कसे दिले, याचा हा चांगला नमुना आहे; प्रश्नकर्त्याने स्वतःचे मत मांडले असते तर नासेर यांना वादाचे निमित्त मिळाले असते, नुसत्या प्रश्नाशी मात्र वाद घालता येत नव्हता.

खरी कसोटी लागली ती २३ फेब्रुवारी १९५८ रोजी, पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या मुलाखतीत. मॅकमिलन त्या सुमारास भारतासह राष्ट्रकुलातील देशांचा दौरा आटोपून परतले होते. त्यांच्या अर्थमंत्र्याने जानेवारीत राजीनामा दिला होता, आणि परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांच्यावर हुजूर पक्षाला अनुकूल असलेल्या वृत्तपत्रांतूनही टीका होत होती. डे यांनी लॉइड यांच्याविषयीचा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारला : ही टीका पंतप्रधानांना कशी वाटते आणि परराष्ट्रमंत्री बदलण्याचा त्यांचा विचार आहे काय. मॅकमिलन यांनी न डगमगता आपल्या सहकाऱ्याची पाठराखण केली. आजच्या मानाने ही मुलाखत अत्यंत सौम्य वाटते. डे यांच्या आवाजात आदर आहे आणि मॅकमिलन यांच्या चेहऱ्यावर वडीलधाऱ्याची मिस्कील निवांतता आहे. परंतु दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत गदारोळ उठला. पंतप्रधानांची अशी जाहीर उलटतपासणी पूर्वी कधी झाली नव्हती, असे काहींनी कौतुकाने लिहिले, तर इतरांनी एक मूलगामी आक्षेप घेतला : सहकाऱ्याच्या क्षमतेविषयी कॅमेऱ्यासमोर विचारल्यावर पंतप्रधान त्याचे समर्थन करण्यावाचून दुसरे काय करू शकतील, आणि मग एका पत्रकाराने प्रश्न विचारून मंत्रिमंडळाचा निर्णयच बांधून टाकला असे होत नाही काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हता. पूर्वी मुलाखत ही घडलेल्या राजकारणाची नोंद असे; आता मुलाखत हेच राजकारण घडण्याचे एक ठिकाण होऊ पाहत होते. मॅकमिलन यांनी मात्र त्यातला फायदा लगेच ओळखला. अवघड प्रश्नाला शांतपणे दिलेले उत्तर हे दहा भाषणांपेक्षा जास्त काम करते, हे ओळखून त्यांनी हे माध्यम आपलेसे केले.

त्याच महिन्यात रॉचडेल येथील पोटनिवडणुकीच्या प्रचाराचे आयटीव्हीसाठी काम करणाऱ्या ग्रॅनडा कंपनीने चित्रण दाखवले. उमेदवारांना पडद्यावर आणणे हा निवडणूक खर्चाच्या कायद्याचा भंग ठरेल, ही आजवरची भीती त्यामुळे मोडीत निघाली आणि १९५९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराचे वार्तांकन दोन्ही वाहिन्यांवर सुरू झाले. रॉचडेलमध्ये उदारमतवादी पक्षाचे उमेदवार असलेले लडोव्हिक केनेडी हे आयटीएनचेच निवेदक होते. त्यांचा कित्ता गिरवून डे यांनीही १९५९ मध्ये आयटीएन सोडले आणि त्याच पक्षातर्फे हेरफर्डमधून निवडणूक लढवली. ते पराभूत झाले आणि लगोलग बीबीसीच्या 'पॅनोरमा' या साप्ताहिक कार्यक्रमात रुजू झाले. एका पक्षाचा उमेदवार राहिलेला माणूस निःपक्षपाती प्रश्नकर्ता म्हणून स्वीकारला जावा, ही गोष्ट आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. त्या काळात त्याचा विशेष बाऊ झाला नाही, कारण प्रश्नकर्त्याचा निःपक्षपातीपणा हा त्याच्या खासगी मतांवरून नव्हे, तर समोर कोणत्याही पक्षाचा माणूस असताना प्रश्नाची धार तीच राहते की नाही यावरून जोखला जाई. बीबीसीने डे यांना घेतले यातच स्पर्धेचा निकाल लागला होता. चार वर्षांपूर्वी निवेदकाचा चेहराही न दाखवणाऱ्या संस्थेने प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत परिचित चेहरा आपल्याकडे आणला होता.

१९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात डे यांनी मुलाखतकारासाठी एक आचारसंहिता मांडली. मुलाखतकाराने वादपटू, सरकारी वकील किंवा मानसोपचारतज्ज्ञ होऊ नये, प्रेक्षकाच्या वतीने माहिती मिळवणारा पत्रकार राहावे; समोरच्याच्या अधिकारपदाने दबून जाऊ नये; मुलाखतीचे विषय आधी सांगण्यास हरकत नाही, पण प्रश्न आधी देऊ नयेत; अडचणीचे विषय वगळण्याचा सौदा करू नये; उत्तर देण्यास पुरेशी संधी द्यावी; आणि ज्याला कॅमेऱ्याची सवय नाही अशा सामान्य माणसावर आपल्या अनुभवाचा गैरफायदा घेऊन मात करू नये, असा तिचा आशय आहे. यातील शेवटचे कलम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. उलटतपासणी ही सत्ताधाऱ्यासाठी आहे, दुःखात किंवा अडचणीत सापडलेल्या नागरिकासाठी नाही, असा भेद त्यात केलेला आहे, आणि पुढे जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी सर्वाधिक विसरलेला भेदही हाच आहे.

ही संहिता लिहूनही अधिकाराचा मूळ पेच सुटला नव्हता. मंत्र्याला जाब विचारण्याचा घटनामान्य अधिकार हाउस ऑफ कॉमन्स या लोकनियुक्त सभागृहाचा होता, आणि तेथील प्रश्नोत्तरांचा तास देशाला दिसत मात्र नव्हता. दूरचित्रवाणी हेच राजकारणाचे मुख्य व्यासपीठ झाले आणि संसद अंधारात राहिली, तर जे अधिकार सभासदांचे आहेत ते नकळत मुलाखतकारांकडे जातील, आणि हे लोकशाहीला हितावह नाही, ही डे यांची धारणा होती. म्हणून १९६३ मध्ये त्यांनी हॅन्सर्ड सोसायटी या संसदीय शिक्षणाला वाहिलेल्या संस्थेसाठी पुस्तिका लिहून संसदेत कॅमेरे आणण्याची मागणी केली. स्वतःच्या व्यवसायाचे महत्त्व कमी करणारी मागणी व्यवसायातल्याच अग्रणीने करावी, हे दुर्मीळच म्हटले पाहिजे. नोव्हेंबर १९६६ मध्ये हा प्रस्ताव कॉमन्समध्ये अवघ्या एका मताने फेटाळला गेला. १९७८ पासून कामकाजाचे नियमित ध्वनिप्रसारण सुरू झाले, जानेवारी १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कॅमेरे आले आणि कॉमन्सचे कामकाज २१ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रथम पडद्यावर दिसले, तेही बोलणाऱ्याचे केवळ डोके आणि खांदे दाखवण्यासारख्या कडक अटींवर. पुस्तिकेपासून तोवर सव्वीस वर्षे उलटली होती.

दरम्यान डे यांनी अधिकाराच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूनेही उत्तर शोधले, ते म्हणजे प्रश्न प्रेक्षकाच्या हाती देणे. १९७० च्या दशकात त्यांनी बीबीसीच्या नभोवाणीवर श्रोत्यांनी दूरध्वनीवरून थेट नेत्यांना प्रश्न विचारण्याचे कार्यक्रम चालवले; १९७४ च्या निवडणुकीत सुरू झालेला 'इलेक्शन कॉल' हा त्यांपैकीच. २५ सप्टेंबर १९७९ रोजी 'क्वेश्चन टाइम' हा कार्यक्रम त्यांच्या सूत्रसंचालनाखाली सुरू झाला. संसदेतील प्रश्नोत्तरांच्या तासाचेच नाव घेतलेल्या या कार्यक्रमात पक्षांचे प्रतिनिधी आणि सार्वजनिक जीवनातील इतर व्यक्ती एका मेजाभोवती बसत आणि सभागृहातील नागरिक त्यांना प्रश्न करीत. डे यांचे काम आता प्रश्न विचारण्याचे कमी आणि उत्तर टाळू न देण्याचे अधिक झाले. सामान्य नागरिकाचा प्रश्न व्यावसायिकापेक्षाही भेदक ठरू शकतो, हे १९८३ च्या निवडणुकीत बीबीसीच्याच दुसऱ्या एका कार्यक्रमात दिसून आले. डायना गूल्ड या शिक्षिकेने पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना, फॉकलंड युद्धात आर्जेंटिनाची 'बेलग्रानो' ही युद्धनौका निषिद्ध क्षेत्राच्या बाहेर आणि दूर जात असताना का बुडवली, हा प्रश्न सोडून न देता पुनःपुन्हा विचारला. पत्रकारावर पक्षपाताचा आरोप करता येतो. मतदारावर तो करणे पंतप्रधानांनाही परवडत नाही.

१९८१ मध्ये 'सर' हा किताब मिळालेल्या डे यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र त्यांच्या पद्धतीच्या मर्यादा दाखवणारा आहे. ऑक्टोबर १९८२ मध्ये, पुढची निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केलेले संरक्षणमंत्री जॉन नॉट यांना त्यांनी नौदलातील कपातीविषयी छेडले आणि विचारले की, आज आहेत आणि उद्या नाहीत अशा राजकारण्यावर जनतेने दीर्घ अनुभवाच्या नौदल अधिकाऱ्यापेक्षा जास्त विश्वास का ठेवावा. नॉट यांनी, हे निरर्थक आहे अशा अर्थाचे शब्द उच्चारून कोटाला लावलेला मायक्रोफोन काढून ठेवला आणि ते उठून गेले. प्रश्नाचा विषय संरक्षणखर्चाचा होता. पण लोकांच्या लक्षात राहिले ते मंत्र्याचे उठून जाणे. पुढे नॉट यांनी आपल्या आत्मचरित्राला डे यांच्या 'आज आहेत आणि उद्या नाहीत' याच शब्दप्रयोगाचे शीर्षक दिले, म्हणजे अपमानालाही त्यांनी भांडवल बनवले. प्रश्न गाजला आणि त्याचे उत्तर मात्र हरवले.

राजकारणीही तोवर शहाणे झाले होते. थॅचर यांच्याकडे गॉर्डन रीस यांच्यासारखे, स्वतः दूरचित्रवाणीत काम केलेले सल्लागार होते. प्रश्न कोणताही असो, आपल्याला हवे तेच सविस्तर सांगायचे, आकडेवारीचा पाऊस पाडायचा आणि मध्ये बोलणाऱ्याला उद्धट ठरवायचे, हे तंत्र त्यांनी इतके आत्मसात केले की डे यांना एका मुलाखतीत, हे पक्षाचे प्रचार-प्रसारण नसून मुलाखत आहे, याची आठवण करून द्यावी लागली. ज्या उलटतपासणीने १९५८ मध्ये राजकारण्यांना चकित केले तिची उत्तरे तीस वर्षांत पाठ झाली होती, आणि न्यायालयात साक्षीदाराला उत्तर देण्यास भाग पाडणारा न्यायाधीश असतो तसा पडद्यावर कोणी नसल्यामुळे प्रश्नकर्त्याकडे चिकाटीखेरीज दुसरा इलाज नव्हता. मोठ्या राजकीय मुलाखतीवर राजकारण्यांनीच कब्जा केला आहे, अशी खंत डे यांनी निवृत्तीनंतर व्यक्त केली.

त्यांच्यानंतरच्या पिढीने या कोंडीतून दोन वाटा काढल्या. मजूर पक्षाचे माजी खासदार ब्रायन वॉल्डन यांनी 'वीकेंड वर्ल्ड' या कार्यक्रमात एकाच विषयावर दीर्घ, तर्काची साखळी जोडत नेणारी मुलाखत रूढ केली, तर जेरेमी पॅक्समन यांनी मे १९९७ मध्ये माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारून उत्तराच्या अभावालाच बातमी बनवले. भारताशी या परंपरेचा धागा पत्रकार करण थापर यांच्यामुळे जुळतो. केंब्रिज युनियनचे अध्यक्ष राहिलेल्या थापर यांनी 'वीकेंड वर्ल्ड' निर्माण करणाऱ्या लंडनमधील कंपनीत काम केले, आणि भारतात परतल्यावर हीच पद्धत इंग्रजी वाहिन्यांवर आणली. २००७ मध्ये गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी काही मिनिटांतच त्यांची मुलाखत सोडून गेले, तेव्हा नॉट प्रकरणाचीच भारतीय आवृत्ती दिसली. पद्धत आली तरी तिला जन्म देणारी परिस्थिती मात्र येथे वेगळी होती. दूरदर्शन १९५९ मध्ये सुरू झाले ते सरकारी सेवा म्हणून, त्याला तीन दशकांहून अधिक काळ स्पर्धक नव्हता. आणि १९९० च्या दशकात खासगी वाहिन्या आल्या तेव्हा ब्रिटनमध्ये १९५४ च्या कायद्याने उभी केली तशी, निःपक्षपातीपणाची पाहणी करणारी स्वतंत्र वैधानिक यंत्रणा त्यांच्यासोबत आली नाही. त्यामुळे मराठीसह भारतीय भाषांतील वाहिन्यांवर प्रश्नकर्त्याचा चढा आवाज सहज पोहोचला, त्यामागची शिस्त मात्र त्या त्या पत्रकाराच्या विवेकावर सोडली गेली.

डे यांनी 'क्वेश्चन टाइम' सोडले ते १९८९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे कॉमन्समध्ये कॅमेरे येण्याच्या काही महिने आधी. ज्या दिवसासाठी त्यांनी पाव शतक आग्रह धरला होता तो आला. परंतु त्यांना अभिप्रेत असलेला, संसद आधी आणि मुलाखतकार नंतर असा क्रम काही परत आला नाही. संसदेचे कामकाज बातम्यांत पोहोचले ते मुख्यतः पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांतील चकमकींच्या तुकड्यांच्या रूपाने, आणि सविस्तर जाबसालाचे ठिकाण मुलाखतीचे दालन हेच राहिले. पत्रकार हा संसदेचा पूरक असावा, पर्याय नसावा, ही डे यांची भूमिका व्यवहारात हरली असे म्हणावे लागते. तरी तिच्यामुळेच त्यांच्या कामाचे मोल ठरवता येते. प्रश्न विचारण्याचा अधिकार आपला स्वतःचा नाही, तो प्रेक्षकाकडून आणि अंतिमतः मतदाराकडून उसना घेतलेला आहे, ही जाणीव त्यांच्या संहितेत, संसदेविषयीच्या मोहिमेत आणि नागरिकांना प्रश्नकर्ते बनवणाऱ्या कार्यक्रमांत सारखीच दिसते. त्यांच्या आक्रमकतेचे अनुकरण करणारे पुष्कळ झाले. त्या आक्रमकतेला मर्यादेत ठेवणारी ही जाणीव उचलणारे थोडे निघाले, आणि राजकीय मुलाखतीच्या पुढच्या इतिहासातील बहुतेक दोष या तफावतीतून उद्भवले आहेत.